पेडगावचा किल्ला (बहादुरगड)

महाराष्ट्र राज्याच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील एक इतिहासप्रसिद्ध भुईकोट किल्ला. श्रीगोंदे तालुक्यात, श्रीगोंदे गावाच्या दक्षिणेस सु. १३ किमी.वर, भीमा नदीच्या उत्तर तीरावरील पेडगाव येथे त्याचे अवशेष आहेत. पलीकडच्या तीरापासून पुणे जिल्ह्याचा दौंड तालुका सुरू होतो. अष्टविनायकांपैकी सिद्धटेक हे क्षेत्र येथून जवळच, त्याच नदीच्या काठी आहे. पेडगावचा किल्ला, बहादुरगड आणि अलीकडे धर्मवीरगड अशा तीन नावांनी हे स्थळ ओळखले जाते. ही तीन नावे म्हणजे या स्थळाच्या इतिहासातील तीन वेगवेगळ्या जाणिवा होत. पहिले नाव गावाचे, दुसरे मोगल सुभेदाराचे आणि तिसरे १६८९ मध्ये येथे बंदिवान म्हणून आणल्या गेलेल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मरणाचे. आकाराने व बांधणीने हा किल्ला दख्खनच्या मोठ्या किल्ल्यांत गणला जात नाही. अहमदनगरच्या भुईकोटाची भव्यता त्याला नाही, किंवा हरिश्चंद्रगड-रतनगडांसारखी नैसर्गिक दुर्गमताही नाही. तथापि मराठ्यांच्या इतिहासातील काही निर्णायक घटना येथे घडल्या. त्यामुळे त्याचे महत्त्व त्याच्या तटांच्या उंचीवरून ठरविता येत नाही.

भौगोलिक स्थान व लष्करी महत्त्व : पुण्याच्या परिसरातून पूर्वेकडे पसरत गेलेल्या डोंगररांगा जेथे संपतात आणि भीमेचे मोकळे मैदान जेथे सुरू होते, अशा ठिकाणी पेडगाव वसले आहे. येथून उत्तरेस अहमदनगर, पश्चिमेस सुपे व पुणे आणि भीमेच्या काठाकाठाने आग्नेयीस पंढरपूर-सोलापूरकडे जाणे सुलभ होते. श्रीगोंद्याकडून येणारी सरस्वती ही लहान नदी पेडगावजवळ भीमेस मिळते. मोठ्या घोडदळास लागणारे बारमाही पाणी, चाऱ्यासाठी सपाट मुलूख व चारी दिशांना धावण्यास मोकळी वाट या तिन्ही गोष्टी येथे एकत्र मिळत. भीमा व मुळा या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांवर एकाच तळावरून नजर ठेवता येणे, हा या जागेचा सर्वांत मोठा लाभ होता.

राजकीय दृष्ट्या पाहता सतराव्या शतकात येथील भीमा ही सरहद्द होती. १६३६ मध्ये निजामशाहीचा शेवट झाला आणि तिच्या मुलखाची मोगल व आदिलशाही यांच्यात वाटणी झाली. तीनुसार भीमेच्या उत्तरेचा अहमदनगरकडील प्रदेश मोगलांकडे गेला, तर दक्षिणेकडील पुणे व सुपे हे परगणे आदिलशाहीकडे गेले. हेच परगणे शहाजी राजांच्या जहागिरीत होते आणि तेथूनच स्वराज्याचा उदय झाला. सरहद्द ओलांडून येणे किती सोपे आहे, याचा प्रत्यय मोगलांना १६५७ मध्येच आला. त्या वर्षी मिनाजी भोसले व काशी या शिवाजी महाराजांच्या सरदारांनी भीमा ओलांडून चांभारगोंदे (श्रीगोंदे) व राशीन या भागांत धाडी घातल्या आणि मराठ्यांच्या फौजा अहमदनगरच्या पेठेपर्यंत पोहोचल्या. पुढे पंधरा वर्षांनी मोगल सुभेदाराने पेडगाव ही जागा आपल्या तळासाठी निवडली, तिच्यामागे हा अनुभव होता.

यादवकालीन पेडगाव : किल्ल्याच्या बांधणीपूर्वी कित्येक शतके हे गाव समृद्ध होते. याची साक्ष किल्ल्याच्या तटाच्या आत असलेली मंदिरे देतात. लक्ष्मीनारायण, बाळेश्वर, मल्लिकार्जुन व रामेश्वर ही त्यांतील प्रमुख मंदिरे होत. ती देवगिरीच्या यादवांच्या काळातील असून सामान्यतः हेमाडपंती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत बांधलेली आहेत. यादव राजे महादेव (कार. १२६१–७१) व रामचंद्र (कार. १२७१–१३११) यांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली, तथापि ही शैली त्याच्यापूर्वीच महाराष्ट्रात प्रचलित झालेली होती. घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवून केलेले बांधकाम हे तिचे प्रमुख लक्षण होय [⟶ हेमाडपंती वास्तुशैली].

या मंदिरांपैकी लक्ष्मीनारायण मंदिर शिल्पदृष्ट्या सर्वांत सरस आहे. मुखमंडप, सभामंडप, अंतराळ व गर्भगृह ही यादवकालीन मंदिराची नेहमीची अंगे त्यात दिसतात. बाह्य भिंतींवर देवदेवता, सुरसुंदरी व व्याल यांची शिल्पे आहेत. खांब तळाशी चौकोनी असून वर अष्टकोनी व वर्तुळाकार होत जातात. शिखर मात्र आज अस्तित्वात नाही. बाळेश्वर मंदिराची पडझड अधिक झालेली असली, तरी त्याच्या उरलेल्या स्तंभांवरून व भिंतींवरून मूळ कामाची नजाकत ओळखता येते. याच परिसरात अनेक वीरगळ व सतीशिळा आढळतात. गाईंचे रक्षण करताना किंवा गावावरील हल्ला परतविताना पडलेल्या वीरांची ही स्मारके आहेत. वीरगळाच्या खालच्या चौकटीत वीराचा मृत्यू, मधल्या चौकटीत अप्सरांनी त्यास स्वर्गात नेणे व वरच्या चौकटीत त्याने केलेली शिवपूजा असा क्रम सामान्यतः असतो. राजवाड्यांचा इतिहास ग्रंथांत येतो. गावासाठी मेलेल्या माणसाचा इतिहास मात्र बहुधा अशा दगडांवरच राहतो. त्यामुळे पेडगावच्या अवशेषांत या शिळांचे मोल मंदिरांइतकेच आहे.

१२९६ मध्ये अलाउद्दीन खल्जीने देवगिरीवर स्वारी केली आणि १३१८ पर्यंत यादवांचे राज्य संपुष्टात आले. पुढे हा प्रदेश क्रमाने दिल्लीची सलतनत, बहमनी सत्ता व १४९० मध्ये स्थापन झालेली अहमदनगरची निजामशाही यांच्या अंमलाखाली आला. जवळचे चांभारगोंदे हे या काळातील एक महत्त्वाचे ठिकाण होते. संतकवी शेख महंमद यांचे वास्तव्य तेथेच होते आणि मालोजी राजे भोसले हे त्यांचे शिष्य होते, अशी परंपरा आहे.

बहादुरगडाची उभारणी : पेडगावास लष्करी स्वरूप आले ते बहादुरखान कोकलताश याच्यामुळे. याचे मूळ नाव मीर मलिक हुसेन. तो औरंगजेबाचा दूधभाऊ होता. ‘कोका’ या शब्दाने तेच नाते सूचित होते. १६७२ च्या प्रारंभी साल्हेर येथे मोगलांचा मोठा पराभव झाला आणि त्यानंतर दख्खनचा कारभार बहादुरखानाकडे आला. त्याच वर्षाच्या अखेरीस तेलंगणाकडे गेलेल्या मराठी फौजांचा त्याने पाठलाग केला. तेथून परतल्यावर त्याने पेडगाव येथे छावणी केली. प्रथम केवळ पावसाळ्यापुरती असावी अशी वाटणारी ही छावणी हळूहळू कायमची झाली. तंबूंच्या जागी घरे आली, बाजार वसला, भोवती तट उभा राहिला आणि बादशाहाच्या अनुमतीने या ठिकाणास बहादुरगड असे नाव देण्यात आले. पुढे बहादुरखानास खानजहान बहादुर, जफरजंग या पदव्या मिळाल्या.

किल्ल्याच्या या उगमातच त्याच्या रचनेचे मर्म आहे. तो कोण्या राजाने राजधानीसाठी किंवा देशमुखाने गढी म्हणून बांधलेला नाही. तो एका स्थिरावलेल्या छावणीचे कोट आहे. त्याचा विस्तार मोठा, पण तट मध्यम उंचीचा आहे. प्रबळ तोफखान्याच्या वेढ्यास महिनोन्‌महिने तोंड देणे हा त्याचा हेतू नव्हता. रसद, खजिना, दारूगोळा, घोडे व जनावरे यांस मराठ्यांच्या चपळ घोडदळापासून संरक्षण देणे आणि पाठलागावर निघणाऱ्या फौजेस परतण्यासाठी निश्चित ठाणे असणे, एवढाच होता. याच काळात यूरोपात व्होबाँ (१६३३–१७०७) हा फ्रेंच स्थापत्यकार तोफांचा मारा लक्षात घेऊन तारकाकृती किल्ले उभारीत होता. दख्खनच्या युद्धात मात्र कसोटी वेगाची होती, तटभिंतीच्या भूमितीची नव्हती. ही गोष्ट पेडगाव येथे लवकरच सिद्ध झाली.

१६७४ चा छापा व १६७५ ची वाटाघाट : ६ जून १६७४ रोजी शिवाजी महाराजांचा रायगडावर राज्याभिषेक झाला. या समारंभास मोठा खर्च झाला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जुलै १६७४ मध्ये, मराठ्यांनी पेडगावच्या छावणीवर छापा घातला. समकालीन इंग्रज वखारीच्या पत्रव्यवहारातून ज्ञात होणारी हकीकत अशी, की सु. दोन हजार मराठी स्वारांनी बहादुरखानास हुलकावणी देऊन छावणीपासून सु. ८० किमी. दूर नेले. तेवढ्या अवधीत सु. सात हजारांची दुसरी फौज वेगळ्या वाटेने आली व तिने रक्षणावाचून राहिलेली छावणी लुटली. एक कोट रुपये आणि बादशाहास नजर करण्यासाठी जमविलेले दोनशे उत्तम घोडे मराठ्यांच्या हाती लागले व छावणीचे तंबू जाळण्यात आले. लुटीच्या रकमेचा आकडा वखारवाल्यांच्या ऐकीव माहितीवर आधारलेला असल्याने तो काटेकोर मानता येत नाही. परंतु डावाची आखणी व त्याचे यश यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

यानंतरच्या वर्षी याच सुभेदारास दुसऱ्या प्रकारे चकविण्यात आले. १६७५ च्या पूर्वार्धात शिवाजी महाराजांनी त्याच्याशी तहाचे बोलणे सुरू केले. सतरा किल्ले मोगलांच्या स्वाधीन करावेत व संभाजी राजांनी मनसब स्वीकारावी, असे या बोलण्याचे स्वरूप होते. बहादुरखानाने ते बादशाहास कळवून मंजुरी मागविली. या अवधीत मोगलांकडील आघाडी शांत राहिली आणि मराठ्यांनी मे १६७५ मध्ये आदिलशाहीचा फोंड्याचा किल्ला जिंकून घेतला. बादशाहाची मंजुरी येऊन पोहोचली, तेव्हा बोलणी पुढे नेण्याचे मराठ्यांस कारणच उरले नव्हते. बहादुरखानावर पुढे शत्रूशी संगनमत केल्याचे आरोप झाले आणि १६७७ मध्ये त्यास दख्खनमधून परत बोलावण्यात आले.

‘वेड पांघरून पेडगावास जाणे’ हा मराठीतील वाक्प्रचार प्रसिद्ध आहे. आपला हेतू साधण्यासाठी अडाणीपणाचे सोंग घेणे, असा त्याचा अर्थ. लोकपरंपरा त्याचा संबंध बहादुरखानाच्या फजितीशी जोडते. वेड व पेड या यमकाचाही वाक्प्रचाराच्या रूढीत वाटा असावा. मात्र १६७४ चा छापा आणि १६७५ ची वाटाघाट या दोन घटना एकत्र पाहिल्या, तर भाबडेपणाचा आव आणून कार्य साधण्याची कृती पेडगावच्या संदर्भात दोनदा घडली होती, हे लक्षात येते. हा वाक्प्रचार ऐतिहासिक पुरावा ठरत नाही. पण गावाची कोणती आठवण लोकांनी जपली, ते तो सांगतो.

औरंगजेबाची छावणी व १६८९ ची घटना : १६७८ च्या डिसेंबरात युवराज संभाजी राजे स्वराज्यातून निघून मोगल सेनापती दिलीरखान याच्याकडे गेले व पुढे वर्षभराने परत आले. शिवाजी महाराजांच्या मृत्यूनंतर (१६८०) ते गादीवर आले. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला. १६८६ मध्ये विजापूर व १६८७ मध्ये गोवळकोंडे जिंकल्यावर मराठ्यांचे राज्य हेच त्याचे एकमेव लक्ष्य उरले. १६८८ च्या अखेरीस तो विजापुराहून निघाला व भीमा-नीरेच्या प्रदेशात अकलूजकडे आला.

१ फेब्रुवारी १६८९ रोजी शेख निजाम ऊर्फ मुकर्रबखान याने कोकणातील संगमेश्वर येथे अचानक छापा घालून संभाजी महाराज व त्यांचे सल्लागार कवी कलश यांस कैद केले. ही बातमी बादशाहास अकलूजच्या मुक्कामी मिळाली. तेथून तो बहादुरगडास आला आणि फेब्रुवारीच्या मध्यास कैद्यांनाही तेथेच आणण्यात आले. फार्सी तवारिखांतील वर्णनानुसार दोघांना विदूषकाचा वेश चढवून, डोक्यावर घुंगरांच्या लांब टोप्या घालून उंटांवर बसविण्यात आले होते. नौबती व कर्णे वाजवीत त्यांची छावणीतून धिंड काढण्यात आली आणि ती पाहण्यासाठी रस्त्यांच्या दुतर्फा अफाट गर्दी लोटली. भर दरबारात त्यांना बादशाहासमोर उभे केले, तेव्हा औरंगजेबाने तख्तावरून उतरून गुडघे टेकले व ईश्वराचे आभार मानले.

त्यानंतर किल्ले व खजिना स्वाधीन करावा आणि मोगल सरदारांपैकी कोण कोण मराठ्यांशी संधान बांधून होते, ते सांगावे, अशी विचारणा कैद्यांकडे करण्यात आली. संभाजी महाराजांनी ती धुडकावून लावली व बादशाहाची निर्भर्त्सना केली. यानंतर त्यांचे डोळे काढण्यात आले आणि कवी कलशाची जीभ छाटण्यात आली. छावणी पुढे भीमेच्या वरच्या बाजूस कोरेगावकडे हलली आणि ११ मार्च १६८९ रोजी उभयतांचा वध करण्यात आला. भीमा-इंद्रायणी संगमावरील तुळापूर व जवळचे वढू बुद्रुक ही या घटनेची स्मृतिस्थळे आहेत. बंदिवासाचा पहिला व निर्णायक टप्पा बहादुरगडावर पार पडला, तर शेवट त्याच नदीच्या काठी, वरच्या अंगाला झाला.

या घटनेची माहिती देणारी साधने भिन्न प्रकारची आहेत. साकी मुस्तैदखानाचा मआसिर-इ-आलमगिरी हा ग्रंथ दरबारी कागदपत्रांच्या आधारे औरंगजेबाच्या मृत्यूनंतर अल्पावधीतच लिहिला गेला. भीमसेन सक्सेना हा दख्खनच्या मोहिमांत स्वतः वावरलेला होता. त्याच्या तारीख-इ-दिल्कशा या ग्रंथाचे मोल त्यामुळे विशेष आहे. खाफीखानाचा वृत्तांत नंतरचा आहे. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची आहे. विजेत्यांच्या पदरी असलेल्या लेखकांनी धिंडीचे वर्णन विजयोत्सव म्हणून केले आहे. परंतु कैद्याने मान तुकविली नाही, हेही त्यांच्याच लेखनातून कळते. शत्रुपक्षाच्या साधनांतील ही कबुली बखरींतील गौरवापेक्षा अधिक वजनदार ठरते. बखरी व नाटके यांनी रूढ केलेली संभाजी महाराजांची व्यसनी व अविचारी राजा ही प्रतिमा विसाव्या शतकात तपासली गेली. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मध्ये प्रसिद्ध झालेले चरित्र व कमल गोखले यांचा १९७१ मधील ग्रंथ हे या संशोधनातील महत्त्वाचे टप्पे होत. या पुनर्विचाराबरोबरच बहादुरगडाकडे अभ्यासकांचे व सामान्य लोकांचे लक्ष नव्याने वळले.

राजाच्या वधाने मराठ्यांचे राज्य संपेल, ही बादशाहाची अपेक्षा फोल ठरली. १६८९ मध्येच रायगड पडला व येसूबाई आणि बालराजे शाहू मोगलांच्या कैदेत गेले. मात्र राजाराम महाराज जिंजीस पोहोचले आणि युद्ध देशभर पसरले. बहादुरगड हे मोगलांचे ठाणे त्यानंतरही टिकून होते. १७०२ मध्ये खेळणा (विशाळगड) घेतल्यावर व कोंडाण्याच्या मोहिमेवर निघण्यापूर्वी औरंगजेबाचा मुक्काम पुन्हा बहादुरगडास पडला होता. पाच वर्षांनी, १७०७ मध्ये, त्याच जिल्ह्यात अहमदनगरजवळ भिंगार येथे तो मरण पावला.

छावणीचे जीवन : किल्ल्यातील आजचे मोकळे माळरान पाहून तेथील जुन्या वर्दळीची कल्पना येत नाही. ती येण्यासाठी मोगल छावणीचे स्वरूप ध्यानी घ्यावे लागते. जेमेल्ली कारेरी या इटालियन प्रवाशाने १६९५ मध्ये कृष्णाकाठी गलगले येथे बादशाही छावणी पाहिली. तिचा घेर तीस मैलांचा होता, तीत अडीचशे बाजार होते व माणसांची संख्या पाच लाखांवर होती, असे तो नमूद करतो. हे आकडे बादशाहाच्या मुख्य छावणीचे व अंदाजाचे आहेत. सुभेदाराच्या तळाचा व्याप अर्थातच कमी असे. तरीही लढणाऱ्या शिपायांच्या कितीतरी पट संख्या मोतद्दार, माहूत, भिस्ती, वंजारी, सराफ, लोहार, वैदू व बाजारबुणगे यांची असे. इतक्या लोकांना धान्य पुरविण्याचा भार भोवतालच्या खेड्यांवर पडे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या फौजा ज्या मुलखातून वारंवार जात-येत होत्या, त्या मुलखातील कुणब्याच्या दृष्टीने हे ठाणे म्हणजे कायमची टांगती तलवारच होती.

किल्ल्याचे अवशेष : किल्ला स्थूलमानाने चौकोनी असून त्याने सु. शंभर एकर जागा व्यापली आहे. त्याची एक बाजू भीमेच्या पात्राने सुरक्षित केली आहे. तटबंदी ठिकठिकाणी ढासळली असली, तरी तिची रेषा व काही बुरूज ओळखता येतात. गावाच्या बाजूने दरवाजातून आत शिरताच जवळ भैरवनाथाचे मंदिर लागते. त्याच्या आसपास वीरगळ व जुन्या मूर्ती मांडून ठेवलेल्या आहेत. तेथून पुढे झाडोऱ्यातून गेलेली वाट एकेका मंदिराकडे व शेवटी नदीकाठाकडे जाते. नदीच्या बाजूस एका मोठ्या वाड्याचे अवशेष आहेत. कमानी, कोनाडे व चुन्याचा गिलावा असलेल्या भिंती त्यात शिल्लक असून खाली भीमेचे विस्तृत पात्र दिसते. औरंगजेबाचा दरबार येथे भरला होता, असे स्थानिक लोक सांगतात. मोगल बादशाहाचा मोहिमेतील दरबार बहुधा डेऱ्यांत भरत असे, हे लक्षात घेता या समजुतीचा स्वीकार सावधपणे करावा लागतो. किल्ल्यातील एका स्तंभाचा संबंधही संभाजी महाराजांच्या छळाशी जोडला जातो व लोक तेथे श्रद्धेने नतमस्तक होतात.

पाणीपुरवठ्याची योजना हा या किल्ल्याचा सर्वांत लक्षणीय विशेष होय. भीमेचे पात्र खोल व काठ उंच असल्याने पाणी वर चढविणे हा मोठा प्रश्न होता. त्यासाठी नदीकाठी दगड, वीट व चुना यांची उंच बांधकामे उभारून त्यांवर मोटा चालविण्याची सोय करण्यात आली. या मोटा हत्तींकडून ओढल्या जात, अशी परंपरा असून ‘हत्तीची मोट’ हे नाव आजही प्रचलित आहे. वर आलेले पाणी थारोळ्यात पडे व तेथून उताराने बांधीव पाटांवाटे आणि मातीच्या भाजलेल्या नळांवाटे किल्ल्यात खेळविले जाई. याच तत्त्वावरील नळयोजना निजामशाहीच्या काळापासून अहमदनगर शहरात प्रचारात होत्या. तेथे डोंगराच्या पायथ्याचे पाणी उताराने शहरात आणलेले होते. पेडगाव येथे मात्र ते प्रथम उंच उचलून मग उताराला लावावे लागले, हा फरक महत्त्वाचा आहे. वेढ्याच्या प्रसंगी नदीवर उतरण्याची गरज न पडता तटाआड पाणी मिळावे, हा लष्करी हेतूही त्यात साधला गेला. शत्रूचे किल्ले व राजकीय हेतू बाजूला ठेवून पाहिले, तर या योजनेतून दख्खनचा कारागीर व उत्तरेची प्रशासनपद्धती यांचा संयोग दिसून येतो.

ऱ्हास : अठराव्या शतकात पेडगाव निजामाच्या अंमलाखाली गेले. १७५९ मध्ये अहमदनगरचा किल्ला किल्लेदार कविजंग याच्याकडून पेशव्यांना मिळाला आणि त्याच सुमारास पेडगावही सदाशिवरावभाऊंच्या हाती आले. भीमेच्या दोन्ही तीरांवर एकच सत्ता आल्याने सरहद्द राहिली नाही आणि सरहद्दीवरचे ठाणे म्हणून असलेले किल्ल्याचे प्रयोजनही संपले. १८१८ मध्ये हा प्रदेश ब्रिटिशांकडे गेला. पुन्हा उठाव होऊ नयेत म्हणून त्यांनी सह्याद्रीतील अनेक गिरिदुर्गांच्या वाटा व दरवाजे सुरुंगांनी उडविले. पेडगावच्या भुईकोटाला तशा सुरुंगाची गरज पडली नाही. उपेक्षेनेच ते काम केले.

लहान किल्ल्यांचे असे भवितव्य अन्यत्रही आढळते. जपानमध्ये तोकुगावा शोगुनांनी १६१५ मध्ये प्रत्येक सरंजामी प्रांतात एकच किल्ला ठेवण्याचा हुकूम काढला व बाकीचे असंख्य किल्ले पाडण्यात आले. त्यांपैकी पुष्कळांच्या जागी आज केवळ दगडी जोती, मातीचे बांध व खंदक पाहावयास मिळतात. मात्र तेथे स्थानिक इतिहास मंडळे व नगरपालिका यांनी अशा नगण्य वाटणाऱ्या अवशेषांचीही मोजमापे व नकाशे तयार करून ती स्थळे जपली आहेत. वास्तू उरली नसली, तरी जमिनीची ठेवणच पुरावा असतो, ही दृष्टी त्यामागे आहे. पेडगावच्या तटाआडील उंचवटे, पाटांच्या रेषा व घरांची जोती यांकडे याच दृष्टीने पाहण्याची आवश्यकता आहे.

सद्यःस्थिती : लक्ष्मीनारायण मंदिर हे केंद्र शासनाने संरक्षित केलेले स्मारक आहे. मंदिरांच्या तुलनेत तट, वाडा व पाणीपुरवठ्याची बांधकामे अधिक हलाखीत आहेत. वेडी बाभूळ व इतर काटेरी झुडुपे यांच्या मुळांनी चुन्याची बांधकामे फुटतात, तर सुटा झालेला घडीव दगड अशा ओसाड ठिकाणी इतर कामांसाठी उचलला जाण्याची भीती असते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून दुर्गप्रेमी तरुणांनी येथील झाडोरा तोडून वाटा मोकळ्या केल्या आहेत. धर्मवीरगड हे नाव याच काळात रूढ झाले. संभाजी महाराजांच्या स्मृतिदिनास व जयंतीस येथे लोक मोठ्या संख्येने जमतात.

या वाढत्या आस्थेबरोबर काही धोकेही संभवतात. एका स्मृतीच्या गौरवासाठी नवे चौथरे, रंगरंगोटी किंवा सिमेंटची दुरुस्ती झाल्यास जुन्या बांधकामाचा पुरावा नष्ट होतो. पेडगाव येथे यादवांचे मंदिर, गावकऱ्याचा वीरगळ, मोगलांची मोट व मराठ्यांच्या राजाचा बंदिवास एकाच तटात एकवटले आहेत. त्यांपैकी कोणताही एक थर काढून टाकला, तर उरलेल्यांचा अर्थ लागत नाही. ज्या तटात मराठ्यांच्या छत्रपतीस कैदी म्हणून उभे करण्यात आले, तो तट मोगल सुभेदाराने बांधला असला, तरी त्याचे रक्षण करणे हे त्या कैद्याच्या स्मृतीचेच रक्षण होय. संपूर्ण परिसराचे मोजमाप, नळ व पाट यांचा मागोवा, वीरगळांची शास्त्रीय नोंद आणि नदीकाठच्या बांधकामांना आधार देणे, ही येथील निकडीची कामे आहेत. ती पार पडल्यास सरहद्दीवरील एका सामान्य भुईकोटावरून सतराव्या शतकातील दख्खनच्या युद्धाचे व त्याचा भार सोसणाऱ्या मुलखाचे यथार्थ चित्र उभे करता येईल.